माडीवरचे काळे डाग आणि ऑक्झॅलिकची पुडी

कोकणातल्या जुन्या घरात लाकडी जमीन असते ती माडीवर. खाली सारवलेलं, नाहीतर पुढे कधीतरी फरशी घातलेलं माजघर आणि वर सागाच्या, फणसाच्या, ऐनाच्या किंवा किंजळीच्या फळ्या. पावसाळ्यात एखादं कौल सरकतं, वाशाच्या कडेने पाणी झिरपत राहतं आणि दसऱ्याच्या आधी माडी झाडायला वर गेलं की फळीवर वीतभर शाई सांडल्यासारखा डाग बसलेला असतो. लोखंडी ट्रंकेच्या चार कोपऱ्यांखाली, शिलाई मशिनच्या बिडाच्या पायांखाली, खिळ्यांच्या माथ्यांभोवती अशीच काळी वर्तुळं. साबण लावा, राखेने घासा, रॉकेलचा बोळा फिरवा, डाग जागचा हलत नाही.

या एका डागासाठी बाजारात मिळणारी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिडची खुली पावडर. हे परीक्षण तिचं. निकाल आधीच सांगून टाकतो: लोखंडाच्या काळ्या डागावर दहापैकी नऊ, बाकीच्या बहुतेक डागांवर शून्य ते दोन आणि दोन-तीन डागांवर चक्क उणे. तिच्याविषयी जी नाराजी कानावर येते, ती बहुतेक वेळा चुकीच्या डागावर लावल्याची किंवा लावल्यानंतर नीट न धुतल्याची असते.

हा डाग म्हणजे शाईच

लाकडात टॅनिन असतं. सुपारी, हिरडा, कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आवळते ती त्याच्यामुळे. लाकूड ओलं झालं आणि त्याला लोखंड लागलं की दोघांचा मिळून निळसर काळा पदार्थ बनतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई करत, ती याच मेळाची. म्हणजे फळीवर शाई सांडलेली नाही, फळीच्या आतच ती तयार झालेली आहे. वरून घासून ती जात नाही याचं कारण हेच.

त्यातही ऐन आणि किंजळ हे दोन्ही हिरड्याच्याच जातकुळीतले, तिघंही टर्मिनालिया. ऐनाच्या फळीवर ओला पत्र्याचा डबा रात्रभर राहिला तरी सकाळी खूण दिसते. सागात अंगचं तेल असल्याने पाणी लवकर खोल जात नाही, डाग बराचसा वरच्या थरात राहतो. फणसाच्या लाकडात मोरिन नावाचा पिवळा रंग असतो. त्याचंही लोखंडाशी जमतं, पण डाग निव्वळ काळा न दिसता शेवाळी, मळकट दिसतो आणि लोक त्याला बुरशी समजतात.

ऑक्झॅलिक ॲसिड लोखंडाला धरून ठेवतं आणि पाण्यात विरघळेल अशा रूपात बाहेर काढतं. लोखंड सुटलं की काळा रंगही मोडतो. ते लाकडाचा स्वतःचा रंग फारसा खात नाही. ब्लीचिंगच्या पाण्याने फळी सरसकट पांढुरकी, पिंजल्यासारखी होते, तसं इथे होत नाही. या पावडरीला नऊ गुण आहेत ते यासाठी.

आधी लिंबू, मग पुडी

डाग लोखंडाचा आहे का, हे बघायला अर्धं लिंबू पुरतं. पॉलिश नसलेल्या किंवा खरवडून उघड्या केलेल्या जागी रसाचे चार थेंब टाकावेत आणि दहा मिनिटं थांबावं. काळा रंग तपकिरी किंवा फिका होऊ लागला तर लोखंड नक्की, ऑक्झॅलिक आणायला हरकत नाही. काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या कोपऱ्यात कपडे पांढरे करायच्या ब्लीचचा एक थेंब टाकून बघावा. पाच मिनिटांत तो ठिपका उजळला तर डाग बुरशीचा. दोन थेंब एकमेकांपासून वीतभर लांब ठेवायचे. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि माडीच्या बुटक्या खोलीत तो छातीत बसतो.

दोन्हींनी काही झालं नाही तर डाग तेलाचा, चिकाचा किंवा जळाल्याचा. ही पुडी त्यासाठी नाही.

विकत घेताना

रंगाच्या दुकानात मिळते, पण हमखास मिळते ती फरशी पॉलिश करणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानात. मोझॅक आणि संगमरवराला शेवटची चमक आणायला ते लोक हीच पावडर वापरतात. तिथे साधी, काही न मिसळलेली पावडर मागावी, कारण पॉलिशसाठी घासणारी भुकटी घातलेलं मिश्रणही विकलं जातं आणि ते फळीच्या रेषांत अडकून बसतं. लाकडी जमिनीसाठी तयार मिळणाऱ्या उजळवण्याच्या द्रवांपैकी कित्येकांत हेच ॲसिड पातळ करून घातलेलं असतं. बाटलीवर घटक वाचावेत. घटकच लिहिलेले नसतील तर ती बाटली परत फडताळात ठेवावी.

खुल्या मालात भेसळीची शंका आलीच तर चुन्याची निवळी कामाला येते. पानाचा चुना पाण्यात कालवून तासभर ठेवला की वर जे स्वच्छ पाणी येतं ते अर्धी वाटी घ्यायचं. त्यात ऑक्झॅलिकच्या पाण्याचे थेंब टाकले की लगेच दुधासारखा पांढरा साका धरतो. लिंबूसत्वाचं (सायट्रिक ॲसिडचं) पाणी थंड निवळीत असा साका धरत नाही. दिसायला दोन्ही पावडरी सारख्याच पांढऱ्या आणि कणीदार असल्याने ही परीक्षा उपयोगी.

आणि हे दिसण्यातलं साम्यच या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष आहे. साखर, मीठ, लिंबूसत्व आणि ही पावडर कागदाच्या पुडीत ओळखू येत नाहीत. पोटात काही ग्रॅम गेली तरी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेते, मूत्रपिंडं निकामी करते, जीवही जाऊ शकतो. दुकानदार वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत असेल तर घेऊ नये. झाकणाचा डबा घेऊन जावा, त्यावर ठळक ‘विष’ लिहावं आणि तो डबा स्वयंपाकघरात ठेवूच नये. एक गुण कापला आहे तो या खुल्या विक्रीसाठी.

पावडर किती लागते? एक लिटर पाण्यात साधारण चाळीस-पन्नास चौरस फूट फळी भिजते, जुनी कोरडी फळी जरा जास्त पिते. तीन वेळा लावायचं धरलं तरी तेवढ्या फळीला पाव किलो पावडर पुष्कळ झाली. या सगळ्या कामात खरा खर्च पावडरीचा नसतो, नंतरच्या पॉलिशचा असतो.

लावायची रीत

काम नोव्हेंबर ते मार्च या काळात काढावं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाच्या चार महिन्यांत फळी वाळतच नाही आणि न वाळलेल्या फळीवर डाग गेला की राहिला हे कळत नाही.

पॉलिश असेल तर आधी ते काढायचं. ॲसिडचं पाणी पॉलिशवर नुसतं थेंब धरून उभं राहतं. पॉलिश कुठलं आहे ते बघायला स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवावा. चिकट झालं तर चपड्याचं (लाखेचं), ते स्पिरिटनेच निघतं. तसंच राहिलं तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ते खरवडावं लागतं. इथे भाड्याचं घासायचं मशीन आणायचा मोह आवरावा. जुन्या फळ्या हाताने रंधलेल्या असतात, मध्ये उंच, कडेला बसक्या. मशीन उंचवटा खाऊन टाकतं आणि खोलगटातलं पॉलिश तसंच ठेवतं. सुताराकडची खरवडायची पोलादी पट्टी आणि त्यानंतर ८०, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, फळीच्या रेषेच्या दिशेने. आडवं घासलं की त्या चऱ्या पॉलिशखाली उठून दिसतात.

तारेची लोकर, म्हणजे भांडी घासायचा स्टीलचा काथ्या, या कामात कुठेच आणायचा नाही. त्याचे तुकडे रेषांत राहतात आणि ओल लागली की प्रत्येक तुकड्याचा नवा काळा ठिपका होतो. पट्टीने खरवडल्यावरही फळी ब्रशने नीट झाडून घ्यावी. वर आलेले खिळे ठोकून खाली बसवावेत. गंजून फुललेले असतील तर उपटून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घालावेत. खाऱ्या वाऱ्यात साधा खिळा राहिला तर त्याच्याभोवतीचं काळं वर्तुळ दोन पावसाळ्यांत परत येणारच, आणि दोष मात्र पावडरीला लागतो.

आता खाली उतरून बघायचं, कारण माडीच्या फळ्यांना फटी असतात. वर लावलेलं पाणी माजघरात टपकतं. खाली प्लास्टिक अंथरावं, धान्याचे डबे, पाण्याची कळशी, देव्हारा हलवावा. थेंब संगमरवर, मोझॅक किंवा कडप्प्यावर पडून राहिले तर तिथली चकाकी जाते, कारण या तिन्हीत चुना आहे; पॉलिशवाल्यांसारखं घासलं तरच चमक येते. जांभ्याच्या पायरीवर पडले तर उलट गंमत होते. जांभ्याचा तांबडा रंग लोहाचाच, त्यामुळे थेंब पडेल तिथे पायरीवर फिकट ठिपके उमटतात.

द्रावणासाठी प्लास्टिकची बादली, काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं. लोखंडी घमेलं, ॲल्युमिनियमचं पातेलं, तांब्या-पितळेचं भांडं नको. एक लिटर गरम पाणी, उकळतं नव्हे, हात घालवेल त्याहून थोडं अधिक गरम. त्यात ५० ग्रॅम पावडर हळूहळू सोडून प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने ढवळायची. डाग जुना आणि खोल असेल तर १०० ग्रॅमपर्यंत. त्याच्यावर पावडर वाढवून उपयोग नाही, पाणी निवलं की जादा पावडर परत खडे धरते. रबरी हातमोजे, चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. भुकटी नाकात गेली की खोकल्याची उबळ येते.

पाणी कुठलं घ्यावं यावर फारसं कोणी बोलत नाही, पण इथे अर्धं यश त्यात आहे. बोअरिंगचं पाणी बादलीत तासभर ठेवल्यावर पिवळं पडत असेल तर त्यात लोह आहे. त्या पाण्याने डाग काढणं म्हणजे एका हाताने पुसून दुसऱ्या हाताने लावणं. पाणी कठीण असेल तर ॲसिड त्यातल्या कॅल्शियमवरच खर्च होतं आणि द्रावण गढूळ दिसतं. विहिरीचं मऊ पाणी किंवा फिल्टरचं पाणी घ्यावं, विशेषतः शेवटच्या धुण्याला.

लावायला नायलॉनचा ब्रश घ्यावा, ज्याची पकड पत्र्याची नाही असा. आणि फक्त डागावर लावू नये. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत अख्खी फळी भिजवावी. नुसत्या डागावर लावलं तर काळ्या डागाच्या जागी गोरा डाग येतो आणि तो लांबून जास्त दिसतो. डागावर मात्र दोनदा फिरवावं, वीस मिनिटं ओलं ठेवावं, सुकायला लागलं की परत हात मारावा. काळा रंग आधी जांभळट, मग तपकिरी, मग पिवळसर होत जातो.

हट्टी डागावर द्रावणात भिजवलेली सुती फडक्याची घडी ठेवून वर प्लास्टिकचा कागद टाकावा, तास-दीड तास. मग फडकं उचलायचं आणि स्पंजने सगळं टिपून घ्यायचं. फळीवर सुकू देऊन पांढरे खडे जमवू नयेत. नंतर त्यांची भुकटी होते आणि झाडताना तीच नाकात जाते.

ओली फळी नेहमी गडद दिसते. डाग गेला नाही असं वाटून तिथल्या तिथे चार वेळा लावण्याची घाई इथेच होते. एकदा पुसून रात्रभर वाळू द्यावी, सकाळी उजेडात बघावं, मग दुसरा हात. दोन-तीन हातांत जो गेला नाही तो सहाव्या हातातही जाणार नाही. एक तर तो लोखंडाचा नाही, नाहीतर फळीच इतकी खोल कुजली आहे की ती बदलण्यावाचून इलाज नाही. टोकदार दाभण टोचून बघावं, लोण्यासारखं आत गेलं तर सुताराला बोलवावं.

धुणं, सोडा आणि परत आलेला डाग

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. ॲसिड फळीत राहिलं तर वरचं पॉलिश ढगाळतं, सुटतं, पीयूचा थर तर पापुद्र्यासारखा निघतो. बादल्या ओतून धुता येत नाही, म्हणून स्पंज पिळून तीन वेळा स्वच्छ पाण्याने पुसायचं, दर वेळी पाणी बदलून. मग एका लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून एक हात. फसफसलं तर ॲसिड शिल्लक होतं, बुडबुडे थांबेपर्यंत पुसावं. शेवटी परत साधं पाणी.

कधी कधी सोडा लावताच गेलेला काळेपणा पुन्हा वर येतो, आणि लोक म्हणतात सोड्याने डाग पडला. खरं म्हणजे लोखंड आतच राहिलं होतं. आंबट वातावरणात ते टॅनिनला धरू शकत नव्हतं, सोड्याने आंबटपणा मोडताच दोघं परत एकत्र आले. याचा उपाय सोडा टाळणं हा नाही. पहिल्या हातानंतर फडक्याने पाणी नीट टिपून, म्हणजे सुटलेलं लोखंड बाहेर काढून, ॲसिडचा आणखी एक हात द्यायचा. कपडे धुण्याचा सोडा मात्र वापरू नये. तो फार तीव्र, ऐन-फणसाची फळी त्याने काळपट पडते.

मग खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून थंडीत निदान दोन दिवस, दमट हवेत चार-पाच दिवस वाळवायचं. पाण्याने लाकडाचे रोम उभे राहतात, ते १५० किंवा १८० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने बसवावेत. मास्क इथेही हवा, भुशात ॲसिडचा अंश असतो. धुतलेली फळी शेजारणीपेक्षा उजळ दिसली तर लगेच रंगाची पुडी घालून जुळवू नये. फणसाचं पिवळं लाकूड उजेडाने काही महिन्यांत आपोआप तपकिरीकडे झुकतं.

उणे गुण कुठे

कोकमाचा डाग पहिला. आगळ सांडलं आणि कोणी ऑक्झॅलिक लावलं तर लाल रंग अधिकच खुलतो, कारण कोकमाचा रंग आंबट पदार्थात तेजाळतो. त्याला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. बाटली ६ टक्क्यांची असेल तर तशीच, बोळा भिजवून अर्धा तास ठेवावा, दोन-तीनदा. ऑक्झॅलिक आणि पेरॉक्साइड एकत्र करू नये, एक पूर्ण धुवून मगच दुसरं.

दुसरा, पानाचा. पिंकेत चुना आहे. त्यावर ऑक्झॅलिक पडलं की तोच पांढरा साका, जो निवळीत दिसला, फळीच्या रेषांत कायमचा बसतो. पाण्यात तो विरघळत नाही. आधी व्हिनेगरने चुना काढावा, पाण्याने पुसावं, मग काताच्या तांबूस डागाला पेरॉक्साइड.

तिसरी हळद. ऑक्झॅलिक तिथे काहीच करत नाही आणि वर सोडा लावला की पिवळा डाग कुंकवासारखा लाल होतो. घाबरायला नको, तो स्पिरिटने फिका होतो आणि उरलेला ऊन खातं. खिडकीजवळची फळी असेल तर काही दिवसांच्या उन्हातच हळद उडते.

फणसाच्या चिकाला खोबरेल, हे सांगायला नको. सुरीला आणि हाताला लावतो तेच. वाळलेला चीक आधी बोथट लाकडी पट्टीने उकलावा, राहिलेल्यावर खोबरेल चोळून अर्धा तास ठेवावं, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने तेल पुसावं. काजूच्या टरफलाचं तेल मात्र अवघड प्रकरण. ताजं असेल तर टर्पेंटाइनने निघतं, वाळून कडक झालं की नुसतं खरवडणं. वाशांना, होड्यांना वाळवी-पाणी लागू नये म्हणून जे तेल मुद्दाम लावतात, ते चुकून सांडल्यावर तरी कसं सुटावं? हात भाजतात, मोजे घालूनच.

समईच्या, दिव्याच्या तेलाचे डाग: खडूची भुकटी किंवा मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये लेपासारखी कालवून लावावी, वर कागद, चोवीस तास. तेल वर ओढलं जातं. जुन्या डागाला तीन-चारदा. त्या काळात त्या खोलीत दिवा लावायचा नाही. पॉलिशवरची पांढरी वर्तुळं, गरम भांड्याची किंवा ओल्या पेल्याची, ही लाकडापर्यंत पोचलेलीच नसतात. चपड्याच्या पॉलिशवर स्पिरिटचा अगदी निपटलेला बोळा हलकेच फिरवला तरी जातात. त्यासाठी फळी उघडी करून ॲसिड लावणं म्हणजे शिंकेला ऑपरेशन.

याउलट विळीखालचा डाग ऑक्झॅलिकचा हक्काचा. माडीवर बसून कच्ची केळी, सुरण, फणस चिरला की लोखंडी पात्यावरून तुरट रस फळीवर उतरतो. टॅनिन आणि लोखंड दोन्ही बाहेरूनच आलेलं, त्यामुळे डाग वरवर असतो आणि एका हातात जातो. लाल मातीच्या पावलांचे ठसेही बरेच फिके होतात, जांभ्याची माती लोहाचीच. आधी कोरड्या ब्रशने माती झाडावी, ओली करून रेषांत कोंबू नये.

बाकीचे पर्याय

लिंबूसत्व सौम्य आणि घरात ठेवायला निर्धोक. पातळ, ताज्या डागाला चालतं, १०० ग्रॅम प्रति लिटर. लहान मुलं असलेल्या घरात पहिली निवड तीच ठेवावी आणि तिने भागलं नाही तरच ऑक्झॅलिकला हात घालावा. संडास धुण्याचं ॲसिड लाकडावर कधीच नको. ते मिठाचं ॲसिड आहे, खिळे आणखी गंजवतं, रेषांत लोखंडाचे क्षार सोडून जातं आणि पुढच्या पावसात डाग दुप्पट होतो. ब्लीच बुरशीपुरतंच.

होमस्टेसाठी अलीकडे जी लाकडी दिसणारी जमीन घालतात, ती आधी तपासावी. लॅमिनेट असेल तर वरचा थर छापील कागद आणि प्लास्टिकचा, त्यात टॅनिन नाही, डाग वरूनच पुसला जातो. खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेली इंजिनिअर्ड फळी असेल तर पॉलिश पेपर अगदी जपून, तो थर दोन-तीन मिलिमीटरच असतो. घडी ठेवून भिजवणं तिथे टाळावं, खालचा प्लाय फुगतो.

उरलेलं द्रावण बागेच्या आळ्यात, विहिरीकाठी किंवा गुरांच्या दोणीजवळ ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीतच त्यात थोडा थोडा विझवलेला चुना कालवत जावा. पांढरा साका बसतो, वरचं पाणी निवळतं. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने फसफस होत नाही हे बघून ते पाणी मोरीत सोडावं. खाली बसलेला साका वाळवून कचऱ्यात. ब्रश आणि स्पंज याच कामाला बाजूला ठेवावेत, आणि बादलीवरही डब्यासारखंच ‘विष’ लिहावं.